मॅट मोलॉय यांचे अल्बम शेजारी शेजारी ठेवून कसे ऐकावेत

एका वादकाचे पाच-सहा अल्बम समोर आले की पहिला प्रश्न हमखास येतो, यातला सगळ्यात चांगला कोणता? आयरिश बासरीच्या बाबतीत हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा, असं माझं मत आहे. आधी विचारायचं, हा माणूस श्वास कुठे घेतो?

मी अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत संवादांचं संकलन करते. कलाकाराचा कुठला श्वास ठेवायचा आणि कुठला कापायचा, हे दिवसभराचं काम. वाक्याच्या मधला श्वास कापला की माणूस खोटा वाटायला लागतो, हे या धंद्यात लवकर कळतं. त्यात बासरीही शिकते आहे, त्यामुळे फुंक कुठे संपते याकडे कान आपोआप जातो. याच कानाने मी आयरिश अल्बमची तुलना करायला लागले आणि ही पद्धत हळूहळू तयार झाली.

श्वासच का, ते आधी सांगते. आपल्या ख्यालात किंवा धुनेत विसावा बांधणीतच असतो. समेवर आल्यावर वादक थांबतो, तबल्याला जागा देतो, पुन्हा उचलतो. आयरिश नाचाच्या धुनांत अशी जागा ठेवलेलीच नसते. रील हा प्रकार घ्या. एका खंडात आठ जलद सूर, असे आठ खंड म्हणजे एक भाग. तो दोनदा वाजतो, मग दुसरा भाग दोनदा, आणि बत्तीस खंडांची ही फेरी संपली की त्याच दमात पुन्हा पहिल्यापासून. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणाऱ्याला याचं काही वाटत नाही. इलन पाइप्स, म्हणजे आयरिश मशकवाद्य, वाजवणारा कोपराखालच्या भात्याने हवा भरतो, त्यालाही नाही. बासरीवाल्याला मात्र श्वास घ्यायचा तर धुनेतला एखादा सूर सोडावाच लागतो. कुठला सोडायचा हे त्यानेच ठरवायचं. तो सूर सुटला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा सूर वेगळा ऐकू येतो, तुकडा वेगळ्या जागी तुटतो, तीच धून वेगळी होते. म्हणून एकाच वादकाच्या तीस वर्षांतल्या अल्बमांची तुलना करायला यापेक्षा चांगला धागा मला सापडलेला नाही.

उदाहरणासाठी आयरिश बासरीवादक मॅट मोलॉय घेऊ. जन्म 1947, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या बॅलाहाडेरीन गावचा. सत्तरच्या दशकात बॉथी बँडमध्ये, मग थोडा काळ प्लँक्सटीत, आणि 1979 मध्ये चीफटन्समध्ये, तिन्ही आयरिश पारंपरिक संगीताचे बँड. स्वतःच्या नावाचे अल्बम बरेच आहेत, पण सगळे एकदम घेऊ नका. सुरुवातीला चार पुरेत: 1976चा पहिला 'मॅट मोलॉय', ज्यात साथीला डोनल लनी यांचा बुझुकी, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, आहे. 1978चा पॉल ब्रेडी आणि टॉमी पीपल्स यांच्याबरोबरचा, म्हणजे बासरी, फिडल आणि गिटार. 1985चा 'कंटेंटमेंट इज वेल्थ', फिडलवादक शॉन कीन यांच्या जोडीने. आणि 2007चा 'पाथवे टू द वेल', जॉन कार्टी यांचं फिडल आणि आर्टी मॅकग्लिन यांची गिटार. 1987चा 'स्टोनी स्टेप्स' मला अतिशय प्रिय आहे, पण तो पाचवा म्हणून ठेवा. कान तयार झाल्यावर तो जास्त देतो.

आता ऐकायचं कुठे. मी मुलुंडहून घाटकोपर लोकलने आणि पुढे अंधेरीपर्यंत मेट्रोने जाते. या प्रवासात तुलनेचं निम्मं काम होतं, निम्मं होत नाही. लय, धुनेची बांधणी, फेऱ्या मोजणं हे सगळं गर्दीतही जमतं. श्वास मात्र अजिबात नाही. आयरिश बासरीचा सर्वांत खालचा सूर म्हणजे डी, आपल्या भाषेत पांढरी दोन, साधारण 294 हर्ट्झ. गाडीच्या घरघरीत हा खालचा भाग आधी बुडतो, आणि श्वासाचा 'हुस्स' तर कधीच गेलेला असतो. तो ऐकायला रात्र हवी, हेडफोन हवेत आणि पंखा बंद हवा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, मला कल्पना आहे. पण पंख्याचा आवाज आणि श्वासाचा आवाज एकाच जातीचे असल्यामुळे एक दुसऱ्याला गिळतो. दहा मिनिटं पंखा बंद करून एक धून ऐका, मग लावा.

दुसरी तयारी आवाजाच्या पातळीची. 1976चं रेकॉर्डिंग आणि 2007चं रेकॉर्डिंग एकाच व्हॉल्यूमवर लावलं, तर एक हळू आणि एक मोठं ऐकू येण्याची शक्यता भरपूर. जे किंचित मोठं तेच कानाला जास्त चांगलं, जास्त जिवंत वाटतं. हा कानाचा स्वभाव आहे, भल्याभल्यांचा कान इथे फसतो. ज्या ॲपवर ऐकता त्यात आवाज समान करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, नसेल तर प्रत्येक अल्बमसाठी हाताने पातळी जुळवा. बासरीचा मधल्या सप्तकातला एक लांब सूर पकडा आणि तो सगळ्या अल्बममध्ये सारख्या ताकदीचा वाटेपर्यंत बटण फिरवा. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ बंद आहे ना, तेही बघून घ्या. पुढे लागणार आहे.

तिसरी तयारी पट्टीची. तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर लावा आणि धून सुरू करा. बहुतेक वेळा जुळेल, कारण आयरिश बासरी मुळात डीचीच. कधी सगळंच अर्ध्या सुराने चढं, काळी दोनला जुळणारं निघतं. तसं असेल तर ते वहीत टिपून ठेवा. चढ्या पट्टीची बासरी जात्याच चमकदार लागते. त्या चमकेचं श्रेय वाजवण्याला किंवा रेकॉर्डिंगला देऊन टाकलं की पुढची सगळी तुलना वाकडी होते.

बासरी वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे, ती इथेच सांगते. आपली पांढरी पाचची बासरी, म्हणजे जिचा सा जी आहे, ती घ्या. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम लागतो, आणि तो सूर आहे डी. आयरिश बासरीवर सहा भोकं बंद केल्यावरही डीच लागतो. तिथून एकेक बोट उचलत गेलं की दोन्हींवर तेच सूर त्याच बोटांनी लागतात. सगळी भोकं उघडल्यावर आपल्याकडे तीव्र मध्यम, त्यांच्याकडे सी शार्प. म्हणजे बोटांची ओळख आपल्याला आधीपासूनच आहे. फरक एवढाच की आपण षड्ज मधे धरतो आणि ते घर सगळ्यात खाली करतात. धून ऐकता ऐकता नुसती बोटं चालवून बघा, फुंकायची गरज नाही. कुठला सूर सोडून श्वास घेतला हे बोटांना कानांच्या आधी कळतं. थाटांचंही तसंच आहे. बऱ्याच धुना बिलावलच्या सुरांत आहेत, काही खमाज, काही काफी. राग शोधत बसू नका, थाटाएवढी ओळख पुरे.

आता मुख्य काम. चौकड्यांची वही घ्या. एका ओळीत आठ चौकोन, एक चौकोन म्हणजे एक खंड. चार ओळी म्हणजे धुनेची एक फेरी. रीलची एक फेरी साधारण 35 ते 40 सेकंदांत संपते, त्यामुळे पहिल्यांदा हात मागे पडेल. आधी दोन-तीन वेळा नुसतं मोजा. पायाने ठेका धरा, एका खंडात दोन टाळ्या. मग ज्या चौकोनात श्वास ऐकू आला तिथे टिंब द्या. वेग पाऊणपट करून ऐकायला हरकत नाही. निम्म्यावर मात्र आणू नका, तिथे श्वासाचा आवाज पसरतो आणि नसलेल्या जागी असल्याचा भास होतो. प्रत्येक अल्बममधून एक रील आणि एक जिग एवढंच करा. जिगमध्ये खंडाला सहा सूर, तीन-तीनचे दोन गट, दादऱ्याच्या चालीला सरावलेल्या पायाला लगेच सापडतं.

टिंबं मिळाली की वही दूर धरून बघा. सगळी टिंबं आठव्या चौकोनातच असतील तर वादक भाग संपल्यावर श्वास घेतोय. यात चूक काही नाही, पण धून कापून ठेवल्यासारखी होते. टिंबं तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या चौकोनात विखुरली असतील आणि आठव्यातून पहिल्यात जाताना सूर अखंड असेल, तर वादकाने भागांमधला सांधा मुद्दाम बुजवलाय. मोलॉय यांच्या 1976च्या अल्बमची ताकद माझ्या कानाला इथे आहे. एक बासरी, शेजारी बुझुकी, आणि भाग कधी पालटला ते कळायच्या आत पुढचा सुरू. बुझुकी हे ग्रीक वाद्य आयरिश संगीतात आलं साठच्या दशकात, म्हणजे तेव्हा ते तिथे नवंच होतं. लनी त्यावर सूर भरत बसत नाहीत, खालून लयीचा दाब देतात, आणि बासरीच्या श्वासाची फट उघडीच राहते. श्वास शिकायला म्हणून हाच अल्बम पहिला.

मग दुसऱ्या फेरीची टिंबं पहिल्या फेरीखाली ठेवा. तिथेच आहेत, की सरकली? माझ्या दृष्टीने सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा भाग. आपल्याकडे विस्तार म्हणजे नवे सूर, नव्या जागा. इथे धून तीच राहते, बदल अगदी बारीक असतात, आणि त्यांतला एक मोठा बदल श्वास सरकवूनच होतो. पहिल्या फेरीत जो सूर गाळला तो दुसऱ्या फेरीत लख्ख वाजतो आणि त्याचा शेजारी गळतो. ऐकणाऱ्याला दोन फेऱ्या मिळून पूर्ण धून कळते. हे एकदा वहीवर दिसलं की मग वहीशिवायही ऐकू यायला लागतं.

अलंकारांकडे याच वेळी बघा, पण श्वासाच्या संदर्भात. आयरिश बासरीत एकच सूर पुन्हा वाजवायचा तर तो बहुतेक बोटांनी तोडतात. वरच्या बोटाचा क्षणभराचा उचल म्हणजे कट, खालच्या बोटाची टिचकी म्हणजे टॅप, आणि दोन्ही एका सुराभोवती गुंफले की रोल. कट आपल्या कणस्वराच्या जवळचा वाटतो, पण त्याचा सूर कानावर ठरू द्यायचा नसतो. सर्वांत खालच्या डीवर रोल करता येत नाही, कारण टिचकी द्यायला खाली भोकच उरत नाही. तिथे वरची बोटं एकामागोमाग उचलून क्रॅन करतात, हे पाइप्सकडून आलेलं. मोलॉय यांच्या वाजवण्यावर पाइप्सची छाया आहे असं म्हणतात ते खालच्या डीवर पटतं. प्रत्येक अल्बममध्ये एकदा फक्त खालचे डी ऐका. श्वास घेतल्यावर लगेच क्रॅन येतो, की क्रॅन संपवून मग श्वास? पहिल्या प्रकारात धून उसळते, दुसऱ्यात बसते.

जोडीच्या अल्बमांना वेगळा नियम लावावा लागतो. 1978च्या अल्बममध्ये आणि 'कंटेंटमेंट इज वेल्थ'मध्ये फिडल आणि बासरी एकच धून एकत्र वाजवतात. बासरीने श्वास घेतला की तो सूर फिडल वाजवतच असतं, त्यामुळे फट दिसत नाही आणि वहीत टिंबं कमी पडतात. यावरून 'इथे दमसास जास्त आहे' असा निष्कर्ष काढू नका. आधी हेडफोनची एक बाजू काढून ऐका. अशा रेकॉर्डिंगमध्ये दोन वाद्यं डावी-उजवीकडे थोडी सरकवलेली असतील तर एका कानात बासरी जास्त येईल आणि श्वास सापडेल. मोनो बंद ठेवायला सांगितलं ते यासाठी. बाजू वेगळ्या झाल्या नाहीत तर श्वासाऐवजी रंग ऐका. फिडलबरोबर बासरी मिसळलेली असताना मधेच क्षणभर आवाज कोरडा होतो, लाकडाचा गर निघून जातो आणि नुसती तार उरते. तोच श्वास.

जोडीच्या अल्बममध्ये आणखी एक गोष्ट बघायची असते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: कोण कुणासाठी सूर सोडतो. टॉमी पीपल्स डोनेगलचे, शॉन कीन डब्लिनचे, दोघांचा गज वेगळा. एकाच बासरीवाल्याला दोन वेगळे सोबती मिळाल्यावर त्याचे श्वास बदलतात का, हा प्रश्न घेऊन हे दोन अल्बम लागोपाठ लावा. मला 1978चा अल्बम जास्त टोकदार वाटतो, दोघंही एकमेकांना पुढे ढकलत असतात. 1985च्या अल्बममध्ये बासरी फिडलच्या सुरावर टेकते. कीन आणि मोलॉय तोवर काही वर्षं चीफटन्समध्ये एकत्र वाजवत होते, तो सराव त्यात आहे. याच दोघांबरोबर लिअम ओ'फ्लिन यांचे पाइप्स ऐकायचे असतील तर 1992चा 'द फायर अफ्लेम' आहे. तिथे श्वास न लागणारी दोन वाद्यं आणि श्वास लागणारं एकच असल्यामुळे परीक्षा अवघड होते. ही नंतरची पायरी.

'म्युझिक ॲट मॅट मोलॉयज' हा 1992चा अल्बम तुलनेत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्ट गावात मोलॉय यांचा पब आहे, तिथल्या बैठकीचं ते रेकॉर्डिंग. माणसांचा आवाज, अनेक वादक, आणि स्वतः मोलॉय पुष्कळदा यजमान. आपल्या घरगुती बैठकीची आवड असलेल्या कुणालाही तो भावेल. पण त्यातून एका माणसाची बासरी वेगळी काढून तोलणं म्हणजे त्या अल्बमवर अन्याय. तो तोलायला नाही, मधे थकवा आला की लावायला.

संथ धुनांची, म्हणजे स्लो एअरची, तुलना वेगळ्या पानावर करा. तिथे ठेका नसतो, नाच नसतो. बऱ्याच एअर मूळच्या गाण्यांच्या आहेत आणि श्वास गाण्याच्या ओळीप्रमाणे पडतो. ओळ संपण्याआधी श्वास आला तर तो खटकतो. इथे चौकोन निरुपयोगी, घड्याळ लावा. दोन श्वासांमधली सेकंदं लिहा आणि शेवटच्या सुराचं काय होतं ते ऐका. तो सरळ संपतो, खाली घसरतो, की हवेत विरतो? आपल्या आलापीला सरावलेल्या माणसाला मोह होतो की संथ धुनांवरूनच वादक जोखावा. मोह आवरा. या परंपरेत वादकाची खरी ओळख मध्यम लयीतल्या नाचाच्या धुनांत पटते, असं मला ठाम वाटतं.

'पाथवे टू द वेल' सर्वांत शेवटी ऐका, आणि 1976चा ऐकून लगेच दुसऱ्या दिवशी नको. मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. दोन्हींत एकतीस वर्षं आहेत. वय झालं म्हणजे श्वास आखूड झाला असेल, असं गृहीत धरून बसलं की कान तेच शोधतो. म्हणून वही आधी भरा, मत नंतर बनवा. एक रील पूर्ण लिहून झाल्यावरच 1976चं पान बाहेर काढा. मला त्यात गिटारची जागा बघायला आवडते. मॅकग्लिन जिथे स्वर बदलतात त्याच्या किंचित आधी बासरी श्वास घेते, की नंतर? 1976मध्ये बुझुकीबरोबर काय होत होतं? साथीचं वाद्य बदललं की श्वासाचं घर बदलतं, आणि अल्बममधला फरक बऱ्याचदा वादकापेक्षा या घरात असतो.

हीच पद्धत टिन व्हिसलला, म्हणजे तोंडात धरून वाजवायच्या छोट्या पाव्याला, लावायची असेल तर मेरी बर्गिन यांचे 'फॅडोगा स्टॉइन' नावाचे दोन अल्बम घ्या. पहिला 1979चा, दुसरा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. टिन व्हिसल बासरीपेक्षा एक सप्तक वर वाजते आणि तिला हवा फार थोडी लागते. त्यामुळे तिथे श्वास गरजेपोटी कमी आणि मनाने जास्त येतो. वहीतली टिंबं विरळ होतात, पण प्रत्येक टिंब मुद्दाम ठेवलेलं असतं. व्हिसलच्या टोकाशी फुंक फोडणारी पाती पक्की बसवलेली असते, ओठांनी रंग बदलता येत नाही. म्हणून तिथे रंगाचं पान कोरं सोडा आणि जिभेचं पान नवं उघडा: कुठला सूर जिभेने तोडला, कुठला बोटाने. ऐकताना आवाज दोन घरं कमी ठेवा, वरचं सप्तक हेडफोनमध्ये कानाला लागतं. आणि हे काम लोकलमध्येही बऱ्यापैकी होतं, कारण व्हिसलचे सूर गाडीच्या घरघरीच्या पुष्कळ वर राहतात.